घरासाठीं दिलेली ठेव : एका कायद्याचा इतिहास

'घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून' ही म्हण महाराष्ट्रांत कोणास ठाऊक नाहीं? तींत घर बांधणाराच्या श्रमांची व खर्चाची जाणीव आहे. परंतु पैसे घेऊन घर न देणाऱ्या मनुष्याची भीति तींत कोठेंच दिसत नाहीं. याचें कारण जुन्या बांधकामाच्या रीतींत आहे.

बाणगंगेच्या कांठचें फलटण घ्या. नाईक-निंबाळकरांचें हें संस्थान १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. अशा गांवांतून पूर्वीं वाडे बांधले जात, तेव्हां दगड, चुना व लांकूड मालक स्वतः जमवी. गवंडी, सुतार व बिगारी यांस रोजाप्रमाणें मजुरी मिळे. काम अर्धवट राहिलें, तरी मालकाचें नुकसान फार झालें तर एखाद्या उचलीएवढें होई. चढलेली भिंत त्याचीच असे. पैसा कामाच्या मागून जाई, पुढें जात नसे.

परक्याच्या हातीं दिलेल्या पैशाचा प्रश्न मात्र फार प्राचीन आहे. याज्ञवल्क्यस्मृतींत ठेवीचें स्वतंत्र प्रकरण आहे. राजा, दैव किंवा चोर यांनीं नेलेली ठेव परत देण्याचें बंधन नसे. पण ज्यानें ती आपल्या मर्जीनें वापरली, त्यास दंड करावा व ती वृद्धीसह परत देववावी, असा स्मृतिकारांचा निर्णय आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळीं विज्ञानेश्वरानें या स्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली, आणि महाराष्ट्रांत तिलाच प्रमाण मानीत.

इंग्रजी अमदानींत १८६० च्या दंडसंहितेनें विश्वासघातानें केलेला अपहार हा गुन्हा ठरविला, आणि १८७२ च्या कायद्यानें करारभंगाबद्दल भरपाई दिली. तथापि या दोहोंमध्यें एक फट राहिली. मालाच्या किंमतीपोटीं आगाऊ दिलेली रक्कम सामान्यतः घेणाराच्या मालकीची होते. ती विश्वासानें ठेवलेली ठेव ठरत नाहीं. त्यामुळें मक्तेदारानें ती दुसरीकडे उडविली, तरी पैसे देणारा केवळ एक धनको ठरे. दिवाणी दावा करावा, आणि निकाल लागेपर्यंत वाट पाहावी!

या फटीचे परिणाम दुसऱ्या महायुद्धानंतर मुंबईंत दिसून आले. शहराची वस्ती वाढली, घरें अपुरीं पडलीं. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें जुन्या घरांचीं भाडीं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर रोखलीं. भाडेकरूस आसरा मिळाला, पण भाड्यासाठीं इमारत बांधण्यांत किफायत उरली नाहीं. तेव्हां मालकी हक्कानें सदनिका विकण्याची प्रथा बळावली. इमारतीचा पाया खणण्यापूर्वींच पैसे घ्यावयाचे, आणि त्याच पैशांवर काम चालवावयाचें. नोकरदार गृहस्थाची आयुष्याची पुंजी अशा रीतीनें केवळ नकाशाच्या भरंवशावर दुसऱ्याच्या हातीं जाऊं लागली.

तक्रारी वाढल्या. महाराष्ट्र राज्याची स्थापना १ मे १९६० रोजीं झाली, आणि तीन आठवड्यांच्या आंत, २० मे रोजीं, सरकारनें या गैरप्रकारांच्या चौकशीसाठीं समिति नेमली. तिचा अहवाल जून १९६१ मध्यें आला, आणि त्यांतून १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांबाबतचा कायदा निर्माण झाला. लोक त्यास 'मोफा' म्हणतात.

या कायद्याचें पांचवें कलम सर्वांत महत्त्वाचें. ग्राहकाकडून आगाऊ किंवा ठेव म्हणून घेतलेली रक्कम प्रवर्तकानें वेगळ्या खात्यांत ठेवावी. तो तिचा विश्वस्त होय. आणि ज्या कारणासाठीं ती दिली, त्याच कारणीं ती खर्चावी. किंमतीच्या शेंकडा २० हून अधिक रक्कम घेण्यापूर्वीं लेखी करार करून तो नोंदविणें आवश्यक झालें. ताबा न मिळाल्यास शेंकडा ९ व्याजासह परतफेड, आणि त्या रकमेचा बोजा जमिनीवर व बांधकामावर. अपहारास पांच वर्षांपर्यंत कैद. स्मृतिकारांची 'वृद्धीसह परत' ही कल्पनाच जणूं नव्या वेषांत पुन्हा अवतरली.

कायदा चांगला होता. परंतु त्या वेगळ्या खात्यावर नजर कोणी ठेवावी, हें त्यांत नव्हतें. ग्राहकानें स्वतः न्यायालय गांठावें, एवढाच मार्ग. ही उणीव संसदेच्या २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें बरीच भरून काढली. १ मे २०१७ पासून तो पूर्णपणें अंमलांत आला. ग्राहकांकडून येणाऱ्या रकमेपैकीं शेंकडा ७० भाग बँकेंतील स्वतंत्र खात्यांत ठेवावा लागतो, आणि तो जमीन व बांधकाम यांच्या खर्चापुरताच वापरतां येतो. काम जितकें झालें, तितक्याच प्रमाणांत पैसे काढतां येतात; त्यासाठीं अभियंता, वास्तुविशारद व सनदी लेखापाल या तिघांचे दाखले लागतात. कराराविना शेंकडा १० हून अधिक रक्कम घेतां येत नाहीं. बुडालेले व्याज व भरपाई जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणें वसूल होऊं शकते. बांधकाम व्यावसायिकांनीं या कायद्यास आव्हान दिलें, पण मुंबई उच्च न्यायालयानें ६ डिसेंबर २०१७ रोजीं तो वैध ठरविला.

तरीही फलटणसारख्या गांवच्या रहिवाशानें एक मर्यादा ध्यानांत ठेवणें अगत्याचें आहे. जेथें जमीन ५०० चौरस मीटरांहून अधिक नाहीं, किंवा सदनिका आठांहून अधिक नाहींत, तेथें या नव्या कायद्याची नोंदणी सक्तीची नाहीं. लहान गांवांतील पुष्कळ इमारती अशाच असतात. तेथें १९६३ च्या कायद्याचा आधार घ्यावा लागतो. आणि जो स्वतःच्या जागेंत मक्त्यानें घर बांधून घेतो, त्यास तर ग्राहक आयोग व साधा करारकायदा हेच रक्षक. त्याच्यासाठीं वेगळें खातें कोणीच उघडीत नाहीं.

म्हणून अशा गृहस्थानें जुन्या वाडेकऱ्यांचा व्यवहार आठवावा. विसार थोडा द्यावा, करार लेखी करावा, आणि पुढील हप्ता जोतें, भिंती, छप्पर अशा पुऱ्या झालेल्या कामाच्या मागून द्यावा. साठ वर्षांच्या कायदेमंडळी खटपटीचा मथितार्थ तरी दुसरा काय आहे? पैसा कामाच्या पुढें धांवूं लागला, तेव्हांच ठेवीचें रक्षण करण्यास राज्यसत्तेस यावें लागलें.