पांढरीखालची शहरे

आपल्या मुलखात जमिनीच्या दोन जाती पूर्वापार मानलेल्या आहेत. पिकते ती काळी आणि वसते ती पांढरी. काळीत नांगर चालतो, पांढरीवर घरे उभी राहतात. पुष्कळ गावांत वस्तीपासून थोडे बाजूला, नदीच्या किंवा ओढ्याच्या काठाला एखादे उंचवट्याचे टेकाड असते. तिथे कोणी राहत नाही, पण मातीचा रंग राखाडी, पांढुरका. पाऊस पडून गेला की खापऱ्या, मणी, क्वचित एखादे नाणे वर येते. म्हातारी माणसे सांगतात, "ती जुनी पांढर. गाव पूर्वी तिथे होते." ही माती राखेने, शेणाने, पिढ्यान्‌पिढ्यांच्या केरकचऱ्याने कसदार झालेली असते. म्हणून शेतकरी ती गाडीत भरून शेतात नेऊन टाकतो. त्यात त्याचे काही चुकते असे त्याला वाटत नाही, आणि वाटावे तरी का? खत ते खत.

आज मी तुम्हाला सांगणार आहे ते अशा पांढरीखाली गेलेल्या काही शहरांबद्दल. ही शहरे परमुलखातली नव्हेत. पैठण, तेर, जुन्नर, कल्याण, सोपारा ही नावे तुमच्या ऐकण्यातली आहेत. पण सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी यांतली बहुतेक नावे इजिप्तमधल्या व्यापाऱ्यांच्याही तोंडी होती, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते.

त्याला पुरावा काय, असे कोणी विचारील. पुरावा एका व्यापाऱ्याच्या टिपणवहीचा. इजिप्तमध्ये राहणारा, ग्रीक भाषा लिहिणारा हा मनुष्य इसवी सनाच्या पहिल्या शतकात होऊन गेला. त्याचे नाव कुणालाच माहीत नाही. तांबड्या समुद्रातून निघून मोसमी वाऱ्याच्या जोरावर हिंदुस्थानच्या किनाऱ्याला कसे लागावे, कोणत्या बंदरात काय विकावे, काय घ्यावे, हे त्याने धंदेवाईक माणसाच्या रोखठोक भाषेत लिहून ठेवले. वर्णनाचा फुलोरा नाही, देवदेवतांच्या कथा नाहीत. माल आणि बाजार, एवढेच. मला तरी त्याची ही कोरडी भाषा फार विश्वासाची वाटते.

तो म्हणतो, बरिगाझा म्हणजे आपले भडोच, तिथून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे. पैठणाहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचे फार मोठे शहर आहे. पैठणाहून गोमेदासारखे रंगीत दगड पुष्कळ येतात. तगराहून साधे सुती कापड, मलमल आणि जांभळट रंगाचे कापड येते. हा सारा माल गाड्यांत घालून, वाट नसलेल्या मोठमोठ्या प्रदेशांतून भडोचला उतरवतात.

आता आपण जरा हिशेब करू. शाळेतल्या गुरुजींनी नकाशा काढून मुलांकडूनही तो करून घ्यावा. भडोच ते पैठण हे अंतर सरळ रेषेत सुमारे साडेतीनशे किलोमीटर भरते. वीस दिवसांनी भागले तर दिवसाला सतरा-अठरा किलोमीटर. म्हणजे पाच-सहा कोसांची मजल. भरलेली बैलगाडी, मध्ये नद्या, घाट, बैलांना दाणावैरण. ही मजल अगदी बरोबर वाटते. आता तगर कुठले? यावर विद्वानांत बराच काळ वाद चालला होता. कोणी दौलताबाद म्हटले, कोणी जुन्नर. अखेर 1901 साली फ्लीट या पंडिताने दाखवून दिले की, तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले, तेरणेच्या काठचे तेर. पैठणाहून तेर सुमारे दीडशे किलोमीटर. दहा दिवसांत दीडशे, म्हणजे दिवसाला पंधरा. चाल जवळजवळ तीच! दिशा मात्र पूर्व नसून आग्नेय आहे. पण घरच्या नकाशावाचून, ऐकीव माहितीवर लिहिणाऱ्या परदेशी माणसाला एवढी सूट द्यायला हवी.

तेर आज खेडे आहे. वारकरी त्याला ओळखतात ते संत गोरा कुंभारांचे गाव म्हणून. मौज अशी की, मातीत पाय रोवून मडकी घडवणाऱ्या त्या संताच्या गावात मातीनेच इतिहास सांगितला. गावाभोवतीच्या पांढरीतून खापरे, मातीच्या मूर्ती, शंखाच्या बांगड्या, तऱ्हेतऱ्हेचे मणी निघत. ते गोळा करण्याचा छंद तेरच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांना जडला. दुसऱ्याच्या लेखी जो कचरा, तो त्यांनी जपून ठेवला. हजारो वस्तूंचा हा संग्रह त्यांनी शासनाच्या स्वाधीन केला आणि आज तेरला त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे आहे. एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणालाही हेवा वाटावा असे ते आहे.

तिथे दोन गोष्टी आवर्जून बघा. एक म्हणजे रोमन नाण्यांची मातीची नक्कल. वरच्या बाजूला ओवायला कडी, म्हणजे गळ्यात घालायचा दागिना. सोन्याचे नाणे ज्याला परवडत नव्हते, त्याने मातीचे घातले! फॅशनची हौस आजचीच आहे असे समजू नये. दुसरी वस्तू म्हणजे हस्तिदंताची कोरलेली लहानशी स्त्रीमूर्ती. हिच्याशी नाते सांगणारी एक हस्तिदंती मूर्ती 1938 साली इटलीत पाँपेई या शहराच्या अवशेषांत सापडली. पाँपेई ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले ते इसवी सन 79 मध्ये. म्हणजे आपल्याकडची कारागिरी त्याच्या आधीच तिथे पोचलेली होती. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही अशाच जातीची मूर्ती उत्खननात मिळाली आहे. ती कोणत्या गावी घडली याबद्दल मते वेगवेगळी आहेत. पण ती आपल्या मुलखातल्या मूर्तींची बहीण शोभते, हे डोळ्यांना दिसते.

तेरचे त्रिविक्रमाचे देऊळही पाहण्याजोगे आहे. विटांचे, मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोलाकार. मूळचे ते बौद्धांचे चैत्यगृह असावे आणि पुढे विष्णूचे मंदिर झाले असावे, असे जाणकार मानतात. महाराष्ट्रात आजही उभ्या असलेल्या अतिप्राचीन बांधकामांत त्याची गणना होते.

बरे, माल भडोचलाच का जाई? कोकणचा किनारा जवळ नव्हता का? होता. घाटाखाली सोपारा आणि कल्याण ही बंदरे होती आणि देशावरून तिकडे उतरायला नाणेघाट होता. जुन्नरजवळच्या या घाटाच्या माथ्यावर सातवाहनांचे लेणे आहे. त्यात राणी नागनिकेच्या काळचा मोठा कोरीव लेख आहे. कोणते यज्ञ केले, किती गाई, किती घोडे, किती कार्षापणे दान दिली, याचे आकडे त्यात कोरले आहेत. आकडे लिहिण्याची आपल्याकडची पद्धत किती जुनी, हे दाखवताना हा लेख हटकून पुढे येतो. घाटाच्या तोंडाशी दगडाचा एक भला मोठा रांजण आहे. त्याला लोक जकातीचा रांजण म्हणतात.

घाट चढून आले की जुन्नर. भोवतालच्या डोंगरांत दीडशेहून अधिक लेणी आहेत. ही सारी राजांनी कोरवली असे समजू नका. लेखांत बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी आहे, काशाची भांडी करणाऱ्यांची श्रेणी आहे, धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने तर एक लेणे आणि पाण्याचे टाके दान दिले आहे. श्रेणी म्हणजे धंदेवाल्यांचा संघ. लोक तिच्याकडे रक्कम कायमची ठेव म्हणून ठेवीत आणि तिच्या उत्पन्नातून धर्मकार्य चाले. आजच्या सहकारी पेढीत ठेव ठेवणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. शिवाय दाते म्हणून यवनांचीही नावे जुन्नरच्या लेखांत आहेत. इथे राहून इथल्या भिक्षुसंघाला दान देणारे परदेशी, असे हे गाव होते.

मग कल्याणचे काय झाले? आपल्या टिपणवहीतच उत्तर आहे. थोरल्या सातकर्णीच्या वेळी कल्याण हे रीतसर बंदर होते. पुढे राजसत्ता बदलली आणि बंदराची नाकेबंदी झाली. चुकून एखादे ग्रीक जहाज तिकडे लागले, तर पहाऱ्यात ते भडोचला नेत. भडोच तेव्हा क्षत्रपांच्या हाती होते आणि त्यांचा राजा नहपान याचे हात घाटमाथ्यापर्यंत पोचले होते. वाट वळवली की जकात वळते, बाजार वळतो. बंदराला गाळाने मारायला शंभर वर्षे लागत असतील. राजाच्या हुकमाने ते एका हंगामात मरते.

सातवाहनांनी हे विसरून जाऊ दिले नाही. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. हे कशावरून? नाशिकजवळ जोगलटेंभी येथे 1906 साली चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांवर नाणी, सगळी नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला! हरलेल्या राजाच्या चांदीवरच जिंकणाऱ्याची मोहर. ती नाणी सोनाराच्या मुशीत गेली असती, तर चांदीचे चार पैसे आले असते आणि एवढ्या मोठ्या घटनेचा बोलका साक्षीदार गेला असता.

सोपाऱ्याची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. आजचे नालासोपारा लोकल गाडीच्या गर्दीसाठी प्रसिद्ध. तिथे 'बुरूड राजाचा कोट' या नावाने ओळखले जाणारे एक टेकाड होते. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खणले, तेव्हा आत विटांचा स्तूप निघाला. मधोमध दगडी पेटी आणि तिच्यात एकात एक बसवलेले करंडक, तांब्याचे, चांदीचे, स्फटिकाचे, सोन्याचे. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सोपाऱ्याला सापडला आणि 1956 मध्ये जवळच्या भुईगावी नवव्याचा. म्हणजे ज्या बंदरात रोमची जहाजे येत, तिथे त्याच्या तीनशे वर्षे आधी मौर्य सम्राटाच्या आज्ञा लोकांना वाचून दाखवल्या जात होत्या. टेकाडाला लोकांनी राजा दिला, कोट दिला. खरे उत्तर मात्र खणल्यावर मिळाले.

पैठणालाही जुन्या वस्तीच्या टेकाडांना लोक 'पालथी नगरी' म्हणतात. शहर पालथे झाले, ही समजूत अगदीच खोटी नाही. थरावर थर असतो, वरचा अलीकडचा, खालचा जुना. खापर कोणत्या थरात, कोणत्या नाण्याशेजारी सापडले, यावरून त्याचे वय ठरते. थर ढवळला की वस्तू हाती राहते, पण तिची जबानी जाते. पुस्तकाची पाने फाडून पोत्यात भरावीत तसे ते होते. पैठण मात्र गोदावरीमुळे, नाथांमुळे आणि पैठणीमुळे जागे राहिले. 1976 पासून जायकवाडीच्या नाथसागराने तर त्याच्या भोवतालची काळीच बदलून टाकली.

तेर ओसरले. रोमचा व्यापार मंदावला, सातवाहनांचे राज्य गेले, वाटा बदलल्या. पण नाव गेले नाही. कित्येक शतकांनंतरही कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करणारे शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवीत. तगर नावाच्या श्रेष्ठ नगराचे आपण धनी, असा त्यांचा डौल. त्यांची राजधानी तेरला नव्हती. तरी बिरूद हवे ते त्याच गावाचे!

तेव्हा तुमच्या गावाजवळ अशी पांढर असेल, तर गाडी भरण्याआधी एक फेरी मारा. गुरुजींनी पावसाळ्यानंतर मुलांना घेऊन जावे. खणू मात्र नये. वर पडलेले खापर, मणी, विटेचा तुकडा पाहावा, कुठे पडला होता ते कागदावर टिपावे, विटेची लांबी-रुंदी मोजावी. जुन्या विटा आजच्यापेक्षा पुष्कळ मोठ्या असतात. पुरलेले नाणे किंवा मूर्ती मिळाली, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे. 1878 सालापासूनचा कायदाच तसा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन दडवता येत नाही. आणि धाराशिवकडे जाणे झाले, तर अर्धा दिवस हाताशी ठेवून तेरला उतरा. आधी संग्रहालय पाहा, मग त्रिविक्रमाचे देऊळ, आणि ऊन उतरल्यावर तेरणेच्या काठाकाठाने टेकाडांकडे जा.