मार्गशीर्षातील वनवाट : नागपूरहून छत्तीसगडात येण्याचा जुना बेत

आपल्या मंडळातील काही तरुण यंदाच्या थंडीत देवरी–बाघनदीच्या बाजूच्या जंगलपट्ट्यातून चार दिवसांची पायी सफर काढण्याच्या विचारात आहेत. पाठीवर सामान, रात्री मुक्काम आणि दिवसा चाल, असा त्यांचा बेत आहे. सामानाची यादी करावयास ते बसले, तेव्हा त्यांतील एकाने विचारले, "काका, आगगाडी नव्हती तेव्हा आपली माणसे नागपूरहून इकडे कशी येत असतील?" प्रश्न सहज विचारलेला होता, परंतु त्याचे उत्तर देऊ लागलो तेव्हा ध्यानात आले की, ज्या बेताची ही मुले जुळवाजुळव करीत आहेत, तोच बेत आपल्या पूर्वजांनी दीडशे वर्षे, याच ऋतूत आणि जवळजवळ याच वाटेवर केला होता. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने त्या बेताची हकीकत येथे मांडीत आहे.

नागपूर ते दुर्ग हे अंतर सुमारे २५० किलोमीटर. भंडाऱ्यापर्यंतचा प्रदेश बराचसा मोकळा. वैनगंगा ओलांडून साकोलीकडे वळले की अरण्य सुरू होई आणि देवरी, बाघनदी मागे टाकून राजनांदगावच्या सपाटीस लागेपर्यंत साग, बांबू, मोह आणि तेंदू यांची संगत सुटत नसे. आज राष्ट्रीय महामार्गाने हे अंतर अर्ध्या दिवसात कापले जाते. पूर्वी त्याला तीन आठवडे लागत, आणि ते तीन आठवडे वर्षातील कोणतेही असून चालत नसत.

बेताचा पहिला प्रश्न ऋतूचा. मराठ्यांच्या मोहिमा दसऱ्यास शिलंगण करून निघत, हे आपण शाळेत शिकलो. त्यामागे शकुनाबरोबर हिशेबही होता. वैनगंगा, बाघ आणि शिवनाथ या नद्यांवर पूल नव्हते. पावसाळ्यात त्या दुथडी भरून वाहत. पाणी उतरले तरी लगेच निघणे धोक्याचे असे, कारण पावसाळा सरताना जंगलात हिवतापाची साथ येई. हा ताप डासांमुळे पसरतो हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये दाखवून दिले. तोवर लोक दूषित हवेला वा पाण्याला दोष देत. कारण ठाऊक नसले तरी काळ नेमका ठाऊक होता. म्हणून जाणते प्रवासी नद्यांना उतार पडण्याची आणि थंडी स्थिरावण्याची वाट पाहत व कार्तिक उलटल्यावर, मार्गशीर्षात निघत. फाल्गुनानंतर झरे आटू लागत आणि गवत वाळून जाई. निघण्याची आणि परतण्याची सारी मुदत या तीन-चार महिन्यांत बसवावी लागे.

हा नियम न पाळणे किती महाग पडे, याचा एक दाखला छत्तीसगडच्या मातीतच आहे. १७७८ साली वॉरन हेस्टिंग्जने नागपूरच्या मुधोजी भोसल्यांकडे वाटाघाटींसाठी अलेक्झांडर एलियट नावाचा आपला विश्वासू तरुण अधिकारी ओरिसाच्या मार्गाने धाडला. राजकारण निकडीचे होते. ऋतूसाठी थांबावयास सवड नव्हती. एलियट ऐन पावसाळ्यात अरण्यात शिरला आणि १२ सप्टेंबर रोजी सारंगढजवळ तापाने मरण पावला. वयाची पंचविशीही त्याने गाठली नव्हती. हाताशी नोकरचाकर होते, कंपनीचा पैसा होता. परंतु चुकीच्या महिन्यात त्यांचा काही उपयोग झाला नाही.

दुसरा प्रश्न ओझ्याचा. दिवसभर चालणाऱ्या माणसास पाऊण किलो कोरडा शिधा लागतो असे धरले, तर तीन आठवड्यांचे सुमारे पंधरा-सोळा किलो होतात. त्यावर भांडी, घोंगडी, अंथरूण-पांघरूण आणि हत्यार. एवढे घेऊन रोज चालणे सामान्य माणसास शक्य नाही. म्हणून ओझे बैलांच्या पाठीवर जाई. गोण लादलेला बैल सव्वाशे किलोच्या आसपास भार वाही, म्हणजे आठ माणसांच्या शिध्याची सोय एका बैलावर होत असे. बैलाचा खरा गुण निराळाच होता. घोड्याला दाणा लागतो. बैल वाटेतल्या गवतावर निभावतो. पावसानंतरच्या महिन्यांत वनात चारा भरपूर असल्याने बैलांसाठी वेगळे वैरणीचे ओझे न्यावे लागत नसे. हे लमाणांनी पुरते ओळखले होते. त्यांचे तांडे याच हिशेबावर चालत. छत्तीसगडचे धान्य बाहेर नेत आणि येताना मीठ आणीत. १७९५ मध्ये या प्रदेशातून गेलेल्या कॅप्टन ब्लंट या इंग्रज अधिकाऱ्याने पिकाच्या चांगल्या वर्षी धान्य वाहण्यास एक लाख बैल लागत, असे नोंदविले आहे. आकडा ऐकीव असेल. तथापि त्यावरून या वाटांवरील रहदारीची कल्पना येते.

बैलाबरोबर त्याची चालही पत्करावी लागे. लादलेला बैल दिवसास बारा-चौदा किलोमीटर जातो. त्याहून अधिक रेटल्यास त्याची पाठ लागते आणि चारण्यास वेळ उरत नाही. म्हणून पहाटे निघावे, ऊन चढताच मुक्काम टाकावा आणि उरलेला दिवस जनावरे चरू द्यावीत, अशी रीत होती. २५० किलोमीटरला या चालीने एकोणीस-वीस दिवस लागतात. एखादा दिवस विसाव्याचा आणि एखादा नदी उतरण्याचा धरला की तीन आठवडे पुरे होतात. वेग माणसाच्या हौसेवर ठरत नसे. तांड्यातील सर्वांत मंद जनावरावर ठरे.

तिसरा प्रश्न पाण्याचा, आणि मुक्काम कोठे पडावा हे त्यावरच ठरे. या बाबतीत भंडारा–गोंदियाचा प्रदेश भाग्यवान. येथील कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, अशी परंपरा सांगते. शिवनाथेच्या अलीकडे-पलीकडे छत्तीसगडातही गावोगाव तलाव आहेतच. अशा बांधाच्या आसऱ्याने मुक्काम पडे. मात्र अगदी पाण्याच्या काठी कोणी पाल ठोकीत नसे. रात्री ती जागा वनचरांची असते आणि थंडीही तेथेच अधिक बोचते.

थंडीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. गोंदियाचा पारा आजही डिसेंबर-जानेवारीत दहा अंशांखाली उतरतो; उघड्या रानात तो अधिकच झोंबतो. घोंगडी आणि शेकोटी हीच त्यावर साधने. शेकोटीसाठी लाकडे अंधार पडण्यापूर्वी गोळा करावीत, जाड ओंडके उत्तररात्रीसाठी राखावेत आणि पहारा पाळीपाळीने द्यावा, हे नियम जंगलातून जाणारा प्रत्येक जाणता माणूस पाळी. वाघाची भीती खरी होती. शिधोरीचाही क्रम असे. पहिले दोन-तीन दिवस घरच्या दशम्या. मग पोहे आणि सातूचे पीठ, कारण चूल पेटविणे न जमल्यास गूळ-पाण्यात कालवून तेही भागते. तांदूळ पुढे वाटेतल्या गावांत मिळे.

चौथा प्रश्न वाटाड्याचा. येथे आपला इतिहास थोडा नीट वाचावा लागतो.

१७४०-४१ च्या हंगामात रघूजी भोसल्यांचा सेनानी भास्करराम कोल्हटकर मोठी फौज घेऊन छत्तीसगडात आला. रतनपूरचा हैहयवंशी राजा रघुनाथसिंह वृद्ध होता, पुत्रशोकाने खचलेला होता. फारसा प्रतिकार न होता रतनपूर पडले आणि नगरावर जबर खंडणी बसली. पुढे हाच सेनानी बंगालवर चालून गेला आणि १७४४ मध्ये अलीवर्दी खानाने भेटीस बोलावून त्याचा घात केला. बंगालमध्ये मराठी फौजेची आठवण 'बर्गी' या भीतिदायक नावाने राहिली, हेही आपण विसरू नये. १७५७ च्या सुमारास रघूजींचे पुत्र बिंबाजी रतनपुरास येऊन राहिले आणि १७८७ पर्यंत त्यांनी तेथून कारभार केला. रामटेकडीवरील राममंदिर त्यांचे. दसऱ्यास सोने वाटण्याची चाल छत्तीसगडात त्यांनीच रूढ केली, असे सांगतात. शिलंगणाला निघालेल्या लोकांचा सण अशा रीतीने येथे वस्तीस आला.

या सर्वांची नावे कागदोपत्री आहेत. परंतु फौज असो, कारकुनांचा जथा असो की यात्रेकरू, अरण्यातून त्यांना पार नेणारा माणूस मात्र गोंड वा हलबा, तेथलाच कोणी असे. कोणत्या उतारावर गुडघाभर पाणी आहे, कोणत्या झऱ्याला माघापर्यंत पाणी टिकते, कोणत्या खिंडीत वाघीण पिल्ले घेऊन बसली आहे, हे त्यालाच ठाऊक असे. एका गावचा वाटाड्या पुढल्या गावापर्यंत येई आणि तेथून दुसरा मिळे. कधी त्याला तांदूळ, मीठ वा पैसा मिळत असेल; पुष्कळदा तो वेठीस धरलेला असे. फौजेचे ओझेही अशाच माणसांच्या डोक्यावर चढे, आणि वाटेवरील गावांची कोठारे रिकामी होत. आपल्या पराक्रमाच्या कथांत या माणसांना नाव नाही.

त्यांच्या संमतीवाचून वाट उघडत नसे, हे ब्लंटच्या अनुभवावरून दिसते. १७९५ च्या जानेवारीअखेरीस तो चुनारहून निघाला आणि रतनपूर, रायपूर करीत कांकेरपर्यंत पोहोचला. पुढे बस्तरच्या बाजूस वळताच गोंडांनी त्याला अडविले, चकमक झाली आणि त्याला मार्ग बदलावा लागला. बंदुका त्याच्याजवळ होत्या. वाट मात्र त्यांच्या हाती होती.

१८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. पुढील दशकात ग्रेट ईस्टर्न रोडचे काम झाले आणि १८८० च्या दशकाच्या आरंभी नागपूरहून मीटरगेज लोहमार्ग राजनांदगावपर्यंत पोहोचला. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो ताब्यात घेऊन रुंद केला. दरेकसाच्या बोगद्यातून गाडी पार झाली आणि तीन आठवड्यांचे अरण्य काही तासांवर आले. आपल्यापैकी बहुतेकांचे वाडवडील याच मार्गाने आले. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारानंतर भिलाईचे माळरान खणले जाऊ लागले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या सुमारास वळकटी आणि ट्रंक घेऊन दुर्ग स्थानकावर उतरणाऱ्या मराठी माणसाला खिडकीतून दिसलेले जंगल म्हणजे केवळ मधला प्रदेश होता. वाट चालावी लागली नाही, म्हणून वाटेवरच्या माणसांशी ओळखही झाली नाही. आपण छत्तीसगडात दोन-तीन पिढ्या राहिलो. येथील भाषेतील चार वाक्ये किती घरांत बोलली जातात, हे ज्याने त्याने स्वतःस विचारावे.

म्हणूनच मुलांचा बेत मला मोलाचा वाटतो. त्यांना मी चार गोष्टी सांगितल्या. मार्गशीर्षाचा उत्तरार्ध निवडा. रोज बारा-चौदा किलोमीटरांहून अधिक ठरवू नका आणि चाल सर्वांत मंद सोबत्याच्या पायाने मोजा. पाणी कोठे मिळेल हे आधी ठरवा, मुक्काम त्यानंतर. नवेगाव–नागझिरा हे २०१३ पासून व्याघ्रप्रकल्पाचे क्षेत्र आहे, तेव्हा वनखात्याच्या परवानगीवाचून एक पाऊलही आत टाकू नका. परवानगी न मिळाल्यास बाहेरील गावागावांतून जाणारी पायवाट धरा, इतिहासही तिकडूनच गेला आहे.

पाचवी गोष्ट मात्र मी विनंती म्हणून सांगितली. वाटाड्या त्याच परिसरातला घ्या, त्याचा मेहनताना निघण्यापूर्वी ठरवा आणि पुरता द्या. परत आल्यावर सफरीचा वृत्तान्त मंडळाच्या वहीत लिहाल, तेव्हा आपल्या नावांच्या आधी, त्याच्या संमतीने, त्याचे नाव आणि गाव लिहा. दीडशे वर्षे आपण या वाटेने येत-जात राहिलो आणि एकही नाव लिहून ठेवले नाही. मंडळाच्या एक्कावन्नाव्या वर्षाची वही त्या नावाने सुरू व्हावी, एवढीच इच्छा आहे.