विलायतेंतील समाजशास्त्राची पदवी



माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी समाजशास्त्राची बी. ए. करण्यासाठीं इंग्लंडला जाऊं इच्छिते. खर्चाकरितां घरच्या जमिनीचा एक तुकडा विकावयाचें घाटत आहे. मंडळी सल्ला विचारण्यास माझ्याकडे आली, तेव्हां मुलीच्या आजी म्हणाल्या, "मास्तर, समाज तर आपल्या दाराबाहेर उभा आहे. तो शिकावयास सातासमुद्रांपलीकडे कशाला जावयाचें?" मी स्वतः मॅट्रिकच्या पुढें गेलों नाहीं, आयुष्य इतिहास-भूगोल शिकविण्यांत गेलें. त्या दिवशीं मला उत्तर सुचलें नाहीं. पुढें ग्रंथ चाळून जें हातीं लागलें, तें आज आपणांपुढें ठेवितों. कारण हा प्रश्न कांहीं त्या एकाच घरचा नव्हे.

समाजाचें शास्त्र असूं शकतें, हा विचार महाराष्ट्रास परका नाहीं. हर्बर्ट स्पेन्सर यांचे ग्रंथ एकोणिसाव्या शतकांत पुण्यास गोपाळ गणेश आगरकर आस्थेनें वाचीत, आणि त्यांच्या लेखनावर त्या वाचनाची छाप स्पष्ट आहे. पण खुद्द स्पेन्सर कोणत्याहि विद्यापीठाचे पदवीधर नव्हते. ते १९०३ सालीं वारले, तोंवर ब्रिटनमध्यें समाजशास्त्राचें प्राध्यापकपदहि निर्माण झालें नव्हतें.

विद्यापीठांबाहेर मात्र काम सुरू झालें होतें. चार्ल्स बूथ हे जहाजांचे मालक. त्यांनीं १८८६ सालीं लंडनच्या लोकस्थितीची पाहणी हातीं घेतली. त्यांच्या नकाशांत एकेका रस्त्यास तेथील वस्तीच्या स्थितीप्रमाणें रंग दिलेला असे: अगदीं खालच्या थरास काळा, श्रीमंतांस पिवळा. शेवटीं हिशेब निघाला, कीं शहरांतील शेंकडा ३०.७ लोक दारिद्र्यांत आहेत. सीबोम राउंट्री हे यॉर्क येथील चॉकलेटच्या कारखानदारांच्या घराण्यांतले. त्यांनीं १८९९ सालीं त्या शहरांतील ११,५६० कामकरी कुटुंबांची माहिती घरोघर जमविली. नुसतें शरीर धड राखण्यापुरतें अन्न, वस्त्र, भाडें व जळण यांस किती लागतें, हें त्यांनीं काढलें आणि दाखवून दिलें, कीं कित्येक घरांत एकहि पैसा वायां न दवडतां मिळकत पुरी पडत नाहीं. मजुराच्या आयुष्यांत तंगी तीन वेळां येते, असेंहि त्यांस आढळलें: बालपणीं, स्वतःचीं मुलें लहान असतांना आणि म्हातारपणीं. दारिद्र्य म्हणजे आळसाचें व व्यसनाचें फळ, ही सोयीची समजूत त्यामुळें ढिली पडली.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स ही संस्था १८९५ सालीं निघाली. मार्टिन व्हाइट नामक स्कॉटिश धनिकाच्या देणगीमुळें तेथें १९०७ सालीं दोन प्राध्यापक नेमले गेले: एक, पूर्वीं वृत्तपत्रांत काम केलेले एल. टी. हॉबहाऊस, दुसरे, फिनलंडचे एडवर्ड वेस्टरमार्क. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांनीं मात्र आपलें दार लवकर उघडलें नाहीं.

येथें आपल्या मुंबईचा संबंध येतो. १९१९ सालीं मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचा विभाग निघाला व स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडीस तेथील पहिले प्राध्यापक झाले. मालवणांत जन्मलेले गोविंद सदाशिव घुर्ये यांस विद्यापीठानें विलायतेस धाडलें. ते प्रथम लंडनला हॉबहाऊस यांच्याकडे गेले. पण तेथें फार न थांबतां केंब्रिजला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्या हाताखालीं मानवशास्त्राचा अभ्यास करूं लागले. १९२४ सालीं घुर्ये मुंबईच्या विभागाचे प्रमुख झाले. केंब्रिजच्या पदवीपरीक्षेंत समाजशास्त्राच्या प्रश्नपत्रिका आल्या त्या १९६१ सालीं, आणि त्याहि अर्थशास्त्राच्या आडोशानें! ऑक्सफर्डमध्यें तर केवळ समाजशास्त्राची बी. ए. आजहि नाहीं, तत्त्वज्ञान-राज्यशास्त्रादि विषयांच्या जोडीनेंच तें शिकावें लागतें.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटलें. लेस्टरच्या लहानशा कॉलेजांत १९४९ सालीं इल्या नॉयश्टाट यांनीं हा विषय सुरू केला. तेथील विद्यार्थ्यांस त्या वेळीं लंडन विद्यापीठाची पदवी घ्यावी लागे. १९५४ सालीं तेथें नोर्बर्ट एलियास आले. हिटलरच्या राजवटीमुळें परागंदा झालेले हे गृहस्थ तेव्हां ५७ वर्षांचे होते. त्यांची आई नाझींच्या छळांत बळी पडली होती. माणसें सभ्य कशीं होतात, हा त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय. असे पंडित पहिल्या वर्षाच्या मुलांस स्वतः शिकवीत. १९६३ च्या रॉबिन्स अहवालानंतर उच्च शिक्षणाचा विस्तार झाला व नव्या विद्यापीठांतून हा विषय रुजला. पुढें विद्यार्थ्यांच्या चळवळी झाल्या, तेव्हां कित्येकांनीं त्याचें खापर याच विषयावर फोडलें. १९८३ सालीं तर सरकारी संशोधन मंडळाच्या नांवांतून 'शास्त्र' हा शब्दच काढून टाकण्यांत आला. विषय मात्र टिकला.

आज ही पदवी इंग्लंडांत सामान्यतः तीन वर्षांची, स्कॉटलंडांत चार वर्षांची असते. आरंभीं मार्क्स, दुर्खीम व वेबर यांचे सिद्धांत. यांपैकीं एकहि इंग्रज नव्हे. जोडीस प्रश्नावली, मुलाखती व आंकडेशास्त्र. आणि बहुधा शेवटच्या वर्षीं विद्यार्थ्यानें स्वतः शोध घेऊन लिहिलेला प्रबंध.

आतां जमिनीच्या तुकड्याविषयीं. वैद्यकीप्रमाणें ही पदवी एखादा ठराविक धंदा हातीं देत नाहीं. परतल्यावर जागा ठरलेली आहे, अशा भरंवशावर जमीन विकूं नये, असें मीं त्या घरीं स्पष्ट सांगितलें. हा विषय मुंबईतहि शंभरांहून अधिक वर्षें चालत आला आहे, हेंहि सांगितलें. आणि आजींस म्हणालों, "समाज दाराबाहेर आहे, हें आपलें म्हणणें खरें. पण लंडनच्या दाराबाहेरहि तो होताच. बूथनें मोजीपर्यंत तो कोणास दिसला नव्हता."

मुलीस मीं एक काम दिलें. निर्णय होण्यापूर्वीं आपल्या आळींतील वीस घरें कशीं चालतात, तें विचारून वहींत लिहावें. त्यांत गोडी वाटली नाहीं, तर जाऊं नये. तिनें पहिला प्रश्न आजींसच विचारला: लग्नाआधीं शाळा कां सुटली? आजी दोन तास बोलत होत्या. त्यांतील पुष्कळसें घरांत कोणास ठाऊकच नव्हतें. जमिनीचा निर्णय अजून व्हावयाचा आहे; वहींत मात्र नऊ घरें झालीं आहेत.