निर्मनुष्य रानातली माणसं

सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचं वर्णन करताना ‘माणसाचा स्पर्श न झालेलं जंगल’ असं म्हणायची आपल्याला सवय लागली आहे. साताऱ्याचं कोयना अभयारण्य आणि सांगलीच्या शिराळा तालुक्याला लागून असलेलं चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली हा प्रकल्प झाला. क्षेत्र सुमारे १,१६५ चौरस किलोमीटर. या रानाला माणसाचा स्पर्श तर झालाच आहे, पण त्याची आजची घडणही बरीचशी माणसानेच केली आहे. उतारावरचा झाडोरा तोडून, जाळून नाचणी-वरी घ्यायची आणि जमीन थकली की पुढे सरकायचं, अशी कुमरी शेती सह्याद्रीत पिढ्यान्‌पिढ्या चालली. १९६४ साली कोयना धरण पुरं झालं आणि त्याच्या शिवसागर जलाशयाने नदीकाठची भातखाचरं पोटात घेतली. पुढे वारणेवर चांदोलीचं धरण आलं. पाण्यापलीकडच्या वाड्यांच्या वाटा तुटल्या, बाजार दुरावला. १९८५ मध्ये दोन्हीकडे अभयारण्यं जाहीर झाली आणि चांदोलीला २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, पण खोरी रिकामी व्हायला त्याआधीच सुरुवात झाली होती. वाघाचा विचार मागाहून आला. आधी आली ती विजेची आणि पाण्याची निकड.

यावर कुणी म्हणेल, कारण काही का असेना, माणूस हटला म्हणून रान वाचलं ना! झाडांपुरतं ते खरं आहे, आणि कुमरीच्या धुराची किंवा शिकारीची आठवण गोड करून सांगण्यात अर्थ नाही. मात्र गवे आणि सांबर चरतात ती मोकळी गवताळ जागा पुष्कळदा उठलेल्या गावाची पडीक शेतंच असतात. नांगर थांबला की आधी गवत येतं, मग झुडपं, आणि अखेर रान दाटून चारा संपतो. म्हणून ही कुरणं मुद्दाम राखावी लागतात. वाघाचं भक्ष्य वाढावं म्हणून चितळही आणून सोडले गेले, काही सागरेश्वरहून. गंमत म्हणजे ते सागरेश्वर, जेमतेम ११ चौरस किलोमीटरचं, उजाड डोंगरावर धों. म. मोहित्यांच्या ध्यासातून उभं राहिलेलं मानवनिर्मित अभयारण्य! वाघाचं छायाचित्र २०१८ साली कॅमेऱ्यात मिळालं होतं, तरी २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोब्याची वाघीण चांदोलीत आणावी लागली. एवढ्या उठाठेवीनंतर या रानाला ‘आपोआप टिकलेलं’ म्हणणं अवघड आहे.

हा शब्दांचा कीस नाही. जंगल मुळातच निर्मनुष्य होतं असं एकदा मानलं, की तिथून उठलेल्यांचं देणं हिशेबातूनच गळतं. धरणाने वीज दिली, राज्य उजळलं, हा युक्तिवाद खोटा नाही. पण ज्यांची खाचरं बुडाली त्यांच्या पदरात काय पडलं, याचं उत्तर त्यात नाही. २०१८ साली, धरण पुरं होऊन ५४ वर्षं लोटल्यावर, श्रमिक मुक्ती दलाच्या नेतृत्वाखाली कोयना धरणग्रस्त कोयनानगरला ठाण मांडून बसले, तेव्हाही ते पर्यायी जमीनच मागत होते.