देवाच्या घरची ठेव



ग्रीसहून परतल्यापासून सगळ्या जणी सँटोरिनीचंच विचारतात. सुंदर आहेच ते. पण माझ्या मनात घर केलं ते डेलॉस या ओसाड बेटानं.

मिकोनॉसहून बोटीनं अर्ध्या तासात पोचतो. अपोलोचं जन्मस्थान म्हणून हे बेट इतकं पवित्र, की इ.स.पू. ४२६च्या सुमारास अथेन्सच्या लोकांनी इथल्या सगळ्या कबरी शेजारच्या बेटावर हलवल्या आणि इथे यापुढे जन्मही नको, मृत्यूही नको असा नियम केला. आजही प्रवाशांना इथे मुक्काम करता येत नाही. सगळे संगमरवरी सिंहांचे फोटो काढत होते. मी पडलें कॉमर्सची. मला खजिन्याची गोष्ट महत्त्वाची वाटली.

इराणी आक्रमणाच्या धास्तीनं इ.स.पू. ४७८ मध्ये ग्रीक शहरांनी एकजूट केली. कुणी जहाजं द्यायची, कुणी रोकड. वर्गणी ठरवली ‘न्यायी’ म्हणून नावाजलेल्या अ‍ॅरिस्टायडिझनं. पहिली आकारणी ४६० टॅलेंट. पैसा ठेवला डेलॉसला, देवाच्या भरवशावर.

इ.स.पू. ४५४ मध्ये तो खजिना अथेन्सला नेला. वर्गणीचा साठावा हिस्सा अथेना देवीला जाई, त्याचा शहरवार हिशेब दगडावर कोरलेला आहे. नोंदी चोख! पण बाहेर पडू पाहणाऱ्या शहरांवर अथेन्स सैन्य पाठवी. मग इ.स.पू. ४४७ मध्ये पार्थेनॉनचं काम सुरू झालं. ‘मित्रांच्या पैशानं आपलं शहर सजवता’, असा आक्षेप खुद्द अथेन्समध्येच पेरिक्लीसवर घेतला गेला, असं प्लुटार्क सांगतो. पेरिक्लीसचं म्हणणं, आम्ही त्यांचं रक्षण करतो, मग पैशाचा जाब कशाला द्यायचा?

पार्थेनॉनसमोर उभी राहिले तेव्हा डोळे दिपले, आणि मान खालीही गेली. देवद्रव्य दुसरीकडे वापरायचं नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतो. आपल्या मंदिराच्या जीर्णोद्धाराची वही माझ्याकडे असते. गेल्या वर्षी मंडळाच्या सहलीची आगाऊ रक्कम मी त्यातून ‘तात्पुरती’ भरली. आठ दिवसांत परत ठेवली, वहीत लिहिलीही. विचारलं मात्र कुणालाच नाही. मीच तर सांभाळते, असं तेव्हा मनात आलं होतं. पेरिक्लीसचं उत्तर याहून वेगळं कुठे होतं?

येत्या रविवारच्या सभेत ही नोंद मी स्वतः वाचून दाखवणार आहे. मिच्छामि दुक्कडम्.