शेताचा आकार, एकरी उतारा आणि ताटातली डाळ

१९१७ साली पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या खेड्याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. जुने दप्तर आणि स्वतः केलेली पाहणी यांवरून त्यांनी हिशेब मांडला. १७७१ मध्ये या गावातील एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १९१४-१५ पर्यंत ती ७ एकरांवर आली होती, आणि तीही एका जागी नव्हे, तर इथे-तिथे विखुरलेल्या तुकड्यांत. मॅन मूळचे रसायनशास्त्रज्ञ. त्यांच्या आकड्यांतील शिस्तीमुळे ‘तुकडे पडलेली जमीन म्हणजे दारिद्र्य’ हे समीकरण पुढची तीन दशके जवळजवळ निर्विवाद राहिले. मुंबई प्रांताचा १९४७ चा तुकडेबंदी कायदा याच विचारपरंपरेतला. (आज पिंपळे सौदागरात शेताच्या आकाराऐवजी सदनिकेचा आकार विचारला जातो, हा भाग वेगळा.)

या समीकरणाला पहिला मोठा धक्का सरकारच्याच आकडेवारीने दिला. १९५० च्या दशकाच्या मध्यास पंजाब, उत्तर प्रदेश, पश्चिम बंगाल, मुंबई, मद्रास अशा राज्यांत शेती-व्यवस्थापनाच्या पाहण्या झाल्या. निवडलेल्या शेतांवरील बी, बैल, मजुरी आणि उत्पन्न यांची त्यांत बारकाईने नोंद होती. १९६२ मध्ये अठ्ठावीस वर्षांच्या अमर्त्य सेन यांनी, सचिन चौधरी मुंबईहून काढत असलेल्या ‘इकॉनॉमिक वीकली’त या नोंदींवर एक छोटा लेख लिहिला. त्यांची तीन निरीक्षणे होती. घरच्या माणसांच्या श्रमाला बाजारातील मजुरीचा दर लावला, तर बरीचशी भारतीय शेती तोट्यात दिसते. शेत जसे मोठे, तसा नफा वाढतो. आणि शेत जसे मोठे, तसे एकरी उत्पन्न मात्र घटते.

दुसरे आणि तिसरे निरीक्षण परस्परविरोधी वाटते, पण त्याची उकल पहिल्यात आहे. मोठा जमीनदार मजूर लावतो. आणखी एका मजुराने काढलेला माल त्याच्या मजुरीहून कमी किमतीचा ठरू लागला, की तो थांबतो. लहान शेतकऱ्याच्या घरातील माणसांना बाहेर काम मिळेलच याची खात्री नसते, म्हणून ती त्याही पुढे राबत राहतात. आणखी एक खुरपणी होते, बांधावर वाल लावला जातो, परड्यात म्हैस बांधली जाते. एकरी उत्पन्न वाढते ते या कष्टांमुळे, आणि हिशेबात तोटा दिसतो तोही याच कष्टांची मजुरी धरल्यामुळे. लहान शेतीचे गोडवे गाणारे यातला पहिलाच भाग सांगतात.

वाद अर्थातच पेटला. अशोक रुद्र यांनी १९६८ मध्ये हा सार्वत्रिक नियम मानण्यास नकार दिला. १९८८ मध्ये सुरजित भल्ला आणि प्रणय रॉय (होय, पुढे दूरचित्रवाणीवर निवडणुकांचे विश्लेषण करणारे तेच) यांनी दाखवले की, जमिनीचा कस लक्षात घेतला तर हे नाते बरेच क्षीण होते, अनेक ठिकाणी नाहीसेच होते. त्यात तथ्य आहे. सुपीक मुलखात वस्ती दाट, वस्ती दाट तिथे वाटण्या अधिक. म्हणजे लहान शेत सुपीक दिसते, कारण मुळात सुपीक जमीनच अधिक तुकड्यांत वाटली गेली.

या साऱ्या वादात उत्पन्न मोजले गेले ते एकरी रुपयांत. सरकारी धोरणाचे माप होते टन. शेतातून प्रथिने किती निघाली, लोह किती निघाले, हा प्रश्न या दोन्ही मापांत बसत नव्हता.

तो विचारला असता, तर ज्वारीच्या पिकात धरलेली तुरीची ओळ नजरेत भरली असती. ज्वारी भराभर वाढते आणि साधारण साडेतीन महिन्यांत कापणीस येते. तूर सुरुवातीला रेंगाळते. ज्वारी निघाल्यावर मोकळा झालेला सूर्यप्रकाश आणि खोल मातीतील ओल तिच्या वाट्याला येते. मुळांवरील गाठींतले जीवाणू हवेतील नत्र पकडतात, ते निराळेच. दोन पिकांना निरनिराळ्या वेळी प्रकाश आणि निरनिराळ्या खोलीवर पाणी मिळाल्याने, ती स्वतंत्र पेरल्यास जितकी जमीन लागेल त्याहून कमी जमिनीत तेवढेच उत्पन्न निघते. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेत १९७० च्या दशकापासून हे प्रयोगांनी मोजले गेले आहे. गढवालमधील ‘बारानाजा’ ही अनेक धान्ये-कडधान्ये एकत्र पेरण्याची रीतही याच जातीची. अशा शेताची कापणी मात्र विळ्यानेच होते. एकसारखे उभे पीक मागणाऱ्या यंत्राला ती जमत नाही. म्हणून ती हात भरपूर असलेल्या लहान शेतांत अधिक टिकते.

१९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोग स्थापन झाले. पाठोपाठ बुटका गहू आला. १९६५-६६ मधील १.०४ कोटी टन गहू १९७०-७१ पर्यंत २.३८ कोटी टनांवर गेला. दुष्काळाच्या छायेतील देशासाठी हे यश लहान नव्हते, आणि आज त्याला नावे ठेवणे फार सोपे आहे. पण ओलिताखालील पंजाब-हरियाणातून हरभरा हटला. १९६१ मध्ये माणशी दररोज सुमारे ६९ ग्रॅम उपलब्ध असलेल्या डाळी २००१ मध्ये ३० ग्रॅमवर आल्या. यात लहान शेतकरीही मागे नव्हता. हमीभाव आणि हमखास खरेदी जिथे होती, तिथे त्यानेही गहू-भातच पेरला. लहान आकारामुळे विविधता शक्य होते, इतकेच. शेतात काय उभे राहील हे खरेदीचे धोरण ठरवते.

पोषणाच्या मापाने जगभरच्या शेतांची मोजणी व्हायला २०१७ उजाडले. मारिओ हेरेरो आणि सहकाऱ्यांच्या त्या अभ्यासात दक्षिण आशिया, आग्नेय आशिया, चीन आणि सहारा-दक्षिण आफ्रिकेत बहुतेक अन्नपदार्थांचे ७५ टक्क्यांहून अधिक उत्पादन २० हेक्टरपर्यंतच्या शेतांत होत असल्याचे आढळले. शेताचा आकार वाढत जातो तशी पिकांची आणि पोषकद्रव्यांची विविधता घटते, हेही त्यात दिसले.

भारतातील सरासरी वहिवाट १९७०-७१ मध्ये २.२८ हेक्टर होती. २०१५-१६ च्या कृषिगणनेत ती १.०८ हेक्टर, म्हणजे पावणेतीन एकरांहून थोडी कमी भरली. मॅन यांना चिंताजनक वाटले होते ते ७ एकर. दोन हेक्टरपर्यंतच्या वहिवाटी आता एकूण संख्येच्या सुमारे ८६ टक्के आहेत; जमीन मात्र त्यांच्याकडे निम्म्याहून कमी, सुमारे ४७ टक्के. एवढ्याशा रानात पिकलेली तूर आणि निघालेले दूध बऱ्याचदा विकावे लागते, कारण रोख पैसा त्यातूनच येतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने अग्रक्रम कुटुंबांना माणशी दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला आहे. तांदूळ, गहू आणि भरड धान्ये त्यात आहेत. डाळ नाही.