टास्मानियाचा डेव्हिल : चावा आणि आयुष्य

आज ज्या प्राण्याबद्दल बोलायचंय, त्याची सगळ्यात मोठी अडचण त्याचं नाव आहे. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला टास्मानिया बेट. तिथे वसाहत करायला आलेल्या इंग्रजांना रात्री जंगलातून किंकाळ्या ऐकू यायच्या. जनावर काळं, लहान कुत्र्याएवढं, जबडा वासलेला. मग काय, 'डेव्हिल', म्हणजे सैतान! १८०८ मध्ये हॅरिस यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन छापलं, पण लोकांच्या मनात सैतानच राहिला.

१८३० मध्ये व्हॅन डायमेन्स लँड कंपनीने मेंढ्या वाचवण्यासाठी डेव्हिल मारणाऱ्याला बक्षीस ठेवलं. नराला अडीच शिलिंग, मादीला साडेतीन. मादी महाग का, ते तुमच्या लक्षात आलं असेलच. याच योजनेत टास्मानियन वाघही होता. त्याच्या जातीचा शेवटचा माहीत असलेला प्राणी १९३६ मध्ये होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला. डेव्हिलला कायद्याचं संरक्षण मिळालं ते त्यानंतर, १९४१ मध्ये.

मधल्या काळात होबार्टच्या मेरी रॉबर्ट्स या बाईंनी स्वतःच्या खाजगी प्राणिसंग्रहालयात डेव्हिल पाळले, त्यांची पैदास केली आणि १९१५ मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर लिहिलं. माझ्या मते डेव्हिलकडे नीट बघण्याची सुरुवात तिथून होते.

आता त्याचं वागणं बघा. एरवी हा एकटा फिरणारा प्राणी. पण मेलेलं जनावर सापडलं की बरेच जण जमतात आणि आरडाओरडा सुरू होतो. त्यातलं पुष्कळसं नुसतं दरडावणं असतं, म्हणजे मारामारी टाळायची रीत. खरे चावे मुख्यतः विणीच्या काळात बसतात, तेही तोंडावर. गर्भ तीनच आठवड्यांचा. पिल्लं वीस-तीससुद्धा जन्मतात, पण आईच्या पिशवीत सडं चारच. म्हणजे जास्तीत जास्त चार जगणार. आणि रानातलं आयुष्य सगळं मिळून पाच-सहा वर्षांचं.

या चाव्यातूनच पुढचं संकट आलं. १९९६ मध्ये बेटाच्या ईशान्य भागात तोंडावर गाठी आलेले डेव्हिल पहिल्यांदा दिसले. हा कर्करोग चक्क संसर्गाने पसरतो! चावताना गाठीतल्या जिवंत पेशीच एका प्राण्यातून दुसऱ्यात जातात. गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा) संशोधकांना असं आढळलं, की कमी चावे खाल्लेल्यांनाच हा रोग जास्त होत होता. चावणारा वरचढ डेव्हिल आजाऱ्याच्या गाठीलाच दात लावतो, आणि रोग स्वतःच्या तोंडात घेतो.

बहुतेक भागांत संख्या कोसळली. पूर्वी मादी साधारण दोन वर्षांची झाली की वीत असे, आणि आयुष्यात दोन-तीनदा पिल्लं होत. रोग पसरलेल्या भागात तिसऱ्या वर्षापलीकडे जगणारे डेव्हिल फार थोडे उरले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की तिथल्या कितीतरी माद्या आता पहिल्याच वर्षी गाभण राहतात, आणि बहुतेकींची ती एकच वीण ठरते.